फ्लामेंकोसाठी स्पेनला निघालाय? मग खोली कुठल्या गल्लीत घ्यायची ते आधी ठरवा

मंगळवार पेठेत माझा तबल्याचा क्लास आहे आणि थोरली लेक नोकरीनिमित्त माद्रिदला असते. त्यामुळं कोल्हापुरातनं कुणी स्पेनला निघालं की माझा नंबर त्यांच्यापर्यंत पोचतोच. प्रश्न ठरलेला: "सर, हॉटेल बुक झालंय, आता फ्लामेंको कुठं बघू?"

फ्लामेंको म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसिया प्रांताचं गाणं, गिटार आणि नाच. इथं क्रमच उलटा झालेला असतो. तिकीट लावून रोज खेळ करणाऱ्या जागेला तिकडं ताब्लाओ म्हणतात. सेव्हिल या तिथल्या मोठ्या शहरात कुठंही उतरलात तरी ताब्लाओ सापडतो. २० ते ४० युरो मोजा, तासभर बसा, कसलेल्या लोकांचा नाच बघा. वाईट नसतो. पण गल्लीतल्या बारमध्ये चार माणसं टेबलावर बोटांनी ठेका धरून बसलीत आणि कोपऱ्यातला म्हातारा एकदम आवाज लावतो, हे ज्याला अनुभवायचंय त्याची सगळी मदार खोलीवर आहे. माझा निकष एकच: रात्री एक वाजता चालत पंधरा मिनिटांत खोलीवर परत येता आलं पाहिजे.

कारण तिकडची वेळ. साडेनऊचा कार्यक्रम सव्वादहाला उभा राहतो. बाराच्या सुमारास तो रीतसर संपतो, लोक टाळ्या वाजवतात, खुर्च्या सरकतात, परगावचे पाहुणे उठतात. मग बारच्या कट्ट्याशी उरलेली मंडळी जमतात, आणि ऐकायला आलेल्यांतलाच कुणीतरी गायला लागतो. तुम्ही ज्यासाठी एवढ्या लांब आलात ते हेच. अशा वेळी डोळा घड्याळावर आणि डोक्यात शेवटची गाडी असेल तर ती गाडी मैफलीच्या आधीच सुटलेली असते हे समजा.

या मैफली होतात त्या पेन्यामध्ये, म्हणजे फ्लामेंकोच्या शौकिनांच्या मंडळात. आपली तालीम मंडळं डोळ्यापुढं आणा: पेठेतल्या वर्गणीदारांची स्वतःची जागा, भिंतीवर जुन्या नामांकित माणसांचे फोटो, आणि कार्यक्रमाच्या दिवशी बाहेरच्यालाही दार उघडं. फरक एवढाच, की आत लाल मातीऐवजी छोटं स्टेज आणि बार असतो. कित्येक ठिकाणी प्रवेश फुकट किंवा अगदी थोडक्या पैशात. तेव्हा नकाशावर आधी पेन्या शोधा, मग त्याच्या भोवती खोली.

आता गाव. मला विचाराल तर हेरेस. पूर्ण नाव हेरेस दे ला फ्रोंतेरा. सेव्हिलहून आगगाडीनं साधारण तासाभरावर. पर्यटक इथं वाईनची कोठारं आणि घोड्यांचे खेळ बघायला दिवसा येतात आणि संध्याकाळी सेव्हिलला परत जातात. ते गेल्यावर गाव आपल्या पद्धतीनं जगायला लागतं.

फ्लामेंकोच्या दृष्टीनं हेरेसच्या दोन पेठा: सांतियागो आणि सान मिगेल. सान मिगेलला जुने लोक 'ला प्लासुएला' म्हणतात. दोन्हींत जिप्सी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहिली. सांतियागोतली बरीचशी शेतमजुरीवर जायची, सान मिगेलकडं कत्तलखान्यातली आणि लोहारकामातली माणसं जास्त. कोण भारी यावर दोन्हीकडं अजून वाद चालतो, आणि कोल्हापूरच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. सांतियागोत काये नुएवा आणि काये कांतारेरिया या गल्ल्यांतनं सकाळी एकदा फिरून या. मात्र तिथं गेल्यावर दारोदारी गाणं ऐकू येईल असं समजू नका. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बरीच कुटुंबं गावाबाहेरच्या फ्लॅटमध्ये गेली आणि जुने वाडे रिकामे पडले. पेन्या मात्र जागेवर राहिल्या. सान मिगेलमध्ये 'ला बुलेरिया' आणि 'लोस सेर्निकालोस', सांतियागोच्या बाजूला 'तिओ होसे दे पाउला' आणि 'दोन आंतोनियो चाकोन'.

मी खोली या दोन पेठांच्या मधोमध, जुन्या गावात घेतो, म्हणजे दोन्हीकडं चालत जाता येतं. ताबांकोही तिथंच. ताबांको म्हणजे पिंपातनं थेट ग्लासात शेरी ही तिथली वाईन ओतून देणारं जुनं दुकान. 'एल पासाहे' १९२५ पासूनचं आहे, 'एल गितारोन दे सान पेद्रो' त्याच भागात. दोन्हीकडं गाणं होतं. एका ग्लासाला दोन-तीन युरो. घेत नसाल तर पाणी मागा. पासाहेत आता गर्दी पर्यटकांचीच असते, पण गाणारे गावचेच असतात, आणि पुढच्या शुक्रवारी कुठल्या पेन्यात काय आहे हे तिथल्या भिंतीवरच्या पोस्टरवर कळतं. दिवसा पलासिओ पेमार्तिनमधल्या फ्लामेंको संग्रहकेंद्रात जाऊन जुनी ध्वनिमुद्रणं ऐका. कानाला तयारी होते.

सेव्हिलला राहायचंच असेल तर सांता क्रूस टाळा. कॅथेड्रलच्या मागच्या त्या सुंदर गल्ल्यांत खोली महाग आणि संध्याकाळी हातात तिकिटाची पत्रकं कोंबणारे लोक. त्रिआनाचं नाव ऐकून सगळे नदीपलीकडं धावतात. तिथल्या जिप्सी वस्तीनं मोठमोठे कलाकार दिले हे खरं, पण १९५० आणि ६० च्या दशकांत ती वस्ती उठवून लोकांना शहराच्या कडेला पाठवलं. आज त्रिआनात राहणं छान आहे, नदीकाठ आहे, क्रिस्तिना हेरेन संस्थेची फ्लामेंको शाळा आहे. फक्त जुन्या त्रिआनाच्या आशेवर जादा भाडं देऊ नका. माझी पसंती अलामेदा दे एर्कुलेस आणि मकारेना यांच्या मधल्या भागाला. तिथून 'तोरेस मकारेना' ही पेन्या चालत गाठता येते. अलामेदावर मानोलो काराकोल आणि ला निन्या दे लोस पेइनेस या जुन्या गायक-गायिकेचे पुतळे आहेत. १९२२ साली ग्रनादाच्या आलांब्रा राजवाड्यात संगीतकार मानुएल दे फाया, कवी लोर्का वगैरे मंडळींनी जुनं गाणं वाचवायला स्पर्धा भरवली होती, तिथं बक्षीस मिळवणारा छोटा पोरगा म्हणजे हाच काराकोल.

ग्रनादाचं थोडक्यात. साक्रोमोन्तेच्या टेकडीत गुहेतली घरं भाड्यानं मिळतात. थंडगार असतात, फोटो झकास येतात, घ्या एखादी रात्र. पण तिथले संध्याकाळचे खेळ बहुतांशी बसनं आणलेल्या पाहुण्यांसाठी. १९६३ च्या पुरानंतर तिथनंही पुष्कळ कुटुंबं हलली. ऐकायला 'ला प्लातेरिया'त जा. १९४९ ची पेन्या, सगळ्यांत जुनी म्हणून ओळखली जाते आणि आल्बायसिन या जुन्या पेठेत आहे. खोलीही तिथंच घ्यावी, पण चढ आणि गोटे बसवलेले रस्ते आहेत. चाकाची बॅग ओढत न्यायची असेल तर घरमालकाला टॅक्सी दारापर्यंत येते का ते विचारून ठेवा.

कादिसचं जुनं गाव समुद्रानं तीन बाजूंनी वेढलेलं आणि इतकं लहान, की खोली कुठंही चालते. त्यातल्या त्यात सांता मारिया पेठ बघा, 'ला पेर्ला दे कादिस' ही पेन्या जवळ पडते. फेब्रुवारीत कार्निव्हलच्या वेळी मात्र जाऊ नका. खोल्या मिळत नाहीत आणि गावभर कार्निव्हलचीच विनोदी गाणी चालतात, फ्लामेंको मागं पडतो.

उत्रेरा, लेब्रिहा, मोरोन ही छोटी गावं मोठ्या गायक-वादकांची. १९६० च्या दशकात डॉन पोरेन नावाच्या अमेरिकन माणसानं मोरोनजवळच्या एका शेतघरात पाहुणे ठेवायला सुरुवात केली. मुक्कामाचे पैसे घ्यायचे आणि गावच्या दिएगो देल गास्तोरची गिटार रात्रभर ऐकवायची. आज तसं काही मिळणार नाही. इथं खोल्या मोजक्या, कार्यक्रमही अधूनमधून. उत्रेराला जूनच्या अखेरीस 'पोताहे हितानो' हा १९५७ पासूनचा उत्सव असतो, तेवढ्यापुरती एखादी रात्र ठीक. उत्रेरा आणि लेब्रिहा दोन्ही सेव्हिल-हेरेस रेल्वेमार्गावरच आहेत.

कधी जायचं हेही खोलीइतकंच महत्त्वाचं. जुलै-ऑगस्टला सेव्हिलमध्ये पारा चाळीसच्या वर जातो आणि ऑगस्टमध्ये बऱ्याच पेन्या बंद. इस्टरच्या आधीच्या आठवड्यात मिरवणुकीतल्या मूर्तीसमोर सज्जातनं साएता नावाची भक्तिगीतं गातात, ते ऐकण्यासारखं आहे, पण खोल्यांचे भाव गगनाला. हेरेसचा मोठा महोत्सव फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, १९९७ पासून चालू आहे. मुख्य कार्यक्रम व्हियामार्ता थिएटरात आणि उशिरा रात्री पेन्यांत. जगभरचे विद्यार्थी येतात, जपानी तर फार. खोली काही महिने आधी धरावी लागते.

आमचं मत डिसेंबरला. नोव्हेंबरच्या शेवटापासून नाताळपर्यंत हेरेसमध्ये साम्बोंबा चालतात. वाड्याच्या चौकात किंवा रस्त्यावर गोल करून नाताळची गाणी बुलेरिया या फ्लामेंकोतल्या चालत्या लयीच्या प्रकाराच्या अंगानं म्हणायची, साथीला साम्बोंबा नावाचं घुमणारं मडकं. म्हणणारे आणि ऐकणारे असे दोन गट नसतात. आमच्या सौ.ना एका अनोळखी आजीनं हाताला धरून गोलात ओढलं, तेव्हापासून त्या दुसऱ्या कुठल्या महिन्याचं नाव काढत नाहीत. शनिवार-रविवारी बाहेरगावची तुफान गर्दी असते, म्हणून मुक्काम मधल्या वारांना जोडून घ्या.

खोली बघताना काय विचाराल? हिवाळा असेल तर पहिला प्रश्न हीटरचा. अंदालुसियातली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, फरशी बर्फासारखी, आणि पुष्कळ घरांत हीटरच नसतो. दुसरं, खिडकी रस्त्याकडं की आतल्या चौकाकडं. पेठेत राहायचं म्हणजे खाली गोंगाट असणार. तुम्ही दोन वाजता झोपणार आणि सहाला कचऱ्याची गाडी येणार, म्हणून आतली खोली मागा, उजेड कमी मिळाला तरी. जुन्या वाड्यांना लिफ्ट नसते. भाड्याच्या घराच्या जाहिरातीत सरकारी नोंदणी क्रमांक नसेल तर सोडून द्या. घरमालक पासपोर्टची माहिती मागेल, तो तिथला नियम आहे, घाबरू नका. एकटी बाई असेल तर रात्री परतायचा रस्ता मोठ्या, उजेडाच्या रस्त्यावरून आहे का हे दिवसा चालून बघावं. हेरेसमध्ये मधल्या वारांना बारानंतर गल्ल्या सुनसान होतात.

स्वयंपाकघर असलेलं घरच घ्या. तिकडं जेवण दुपारी दोननंतर आणि रात्री नऊनंतर. शाकाहारी माणसाला बारमध्ये पालक-हरभऱ्याची भाजी मिळते, सालमोरेखो हे टोमॅटोचं थंड, दाट सूप मिळतं, पण त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरलेले असतात. "सिन हामोन", म्हणजे ते मांस नको, असं म्हणायला शिका. कांदा-लसणाची चटणी न्या. पेढे नेऊ नका, युरोपात दुधाचे पदार्थ बाहेरनं आणायला बंदी आहे.

आता पेन्यात बसल्यावर. गाणं चालू असताना बोलणं नाही, ग्लास आपटणं नाही. देवल क्लबात बसायची सवय असेल त्यांना हे जड जाणार नाही. ठेका मात्र आवरा. बुलेरियाचं आवर्तन बारा मात्रांचं, म्हणून आपल्या लोकांना वाटतं एकताल आहे आणि हात शिवशिवतात. जोर पडतो तो तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर, आणि मोजणी बहुधा बारापासूनच सुरू धरतात. टाळी ही तिथं साथ आहे, तबल्याइतकीच जबाबदारीची. चुकीची टाळी पडली की गायक वळून बघतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, पहिल्या आठवड्यात हात मांडीवर. दाद तोंडानं द्या, "ओले" म्हणा, तेही जागेवर. मोबाईल खिशात.

हे कार्यक्रम आठवडाभर आधी फेसबुकवर नाहीतर दारावरच्या कागदावर जाहीर होतात, त्यामुळं इथून निघताना हातात काही नसतं. म्हणून तीन शहरांत दोन-दोन रात्री असा बेत करू नका. एकाच गावात सलग सहा-सात रात्री, त्यात शुक्रवार-शनिवार हवाच. तिसऱ्या दिवशी ताबांकोवाला ओळखायला लागतो आणि मग काय कुठं आहे ते तोच सांगतो.

स्पेनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान ३०,००० युरोचा आरोग्यविमा आणि सगळ्या रात्रींच्या मुक्कामाचा पुरावा लागतो. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारीच खोली धरा, थोडी महाग पडली तरी. माद्रिदच्या अतोचा स्टेशनवरून कादिसकडं जाणारी थेट गाडी हेरेसला थांबते, चार तासांच्या आतबाहेर लागतात. तिचं तिकीट आधी काढलं की बरंच स्वस्त पडतं.