कच्च्या वाटांसाठी ट्रेलर मजबूत करताय? या चुका टाळा

बेळगावकडच्या जांबोटी-कणकुंबीचा मुख्य रस्ता डांबरी आहे. खड्डे असले तरी तिथं जीपमागे ओढायच्या कॅम्पिंग ट्रेलरला फारसं काही होत नाही. खरी परीक्षा आतल्या वाड्यांकडे वळल्यावर सुरू होते. जांभ्याचा उघडा खडक, मधे मुरूम, कडेला पावसानं कोरलेले चर, आणि गाड्यांनी पाडलेल्या चाकोरीच्या मधोमध उंचवटा. तो उंचवटा पोटाला घासला की माणूस बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनवाल्याकडे जातो आणि सांगतो, "मिस्त्री, ट्रेलर उंच करा." मीही तसाच गेलो होतो. पण कच्च्या रस्त्यावर ट्रेलर मोडतो तो मुख्यतः सततच्या हादऱ्यानं आणि चुकीच्या जागी ठेवलेल्या वजनानं. उंची वाढवून यातलं काहीच सुधारत नाही.

तरीही उंची हवीच असेल, तर आधी आरटीओत विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे, आणि एक्सलचं काम झाल्यावर परवानगीच्या मागे लागणं त्रासाचं ठरतं.

स्वस्त उपाय म्हणजे एक्सलच्या खाली असलेले पाटे (लीफ स्प्रिंग) एक्सलच्या वर घेणं. त्यानं साधारण ४-५ इंच मिळतात. इथं घाईत एक्सलच उलटा फिरवून टाकतात, आणि तीच मोठी चूक. बऱ्याच एक्सलला मुळात वरच्या बाजूला किंचित बाक दिलेला असतो, म्हणजे वजन पडल्यावर चाकं सरळ उभी राहतात. उलटा केला की बाक खाली जातो, चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतल्या कडेनं खरवडून निघतात. एक्सल आहे तसाच ठेवायचा, आणि पाट्यांच्या नव्या बैठका दुसऱ्या अंगाला वेल्ड करून घ्यायच्या. काम झाल्यावर ट्रेलर जीपला जिथं अडकतो त्या जोडणीच्या टोकापासून एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लावून बघा. दोन्ही अंतरं सारखी नसतील तर ट्रेलर जन्मभर तिरका चालेल.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. ट्रेलर वर गेला, पण जीपच्या मागचा, ट्रेलर अडकवायचा बॉल होता तिथंच राहिला. मग ट्रेलरचं नाक खाली, शेपूट वर. पुढचा जॅक प्रत्येक उंचवट्यावर आपटतो, आणि बॉलला वरखाली फिरायला जी थोडी मोकळीक असते तीही वाया जाते. बॉलची उंची त्याच दिवशी जुळवून घ्या. अगदी खडबडीत वाटांवर साधा ५० मिलिमीटरचा बॉल अपुरा पडतो. तिथं सगळ्या दिशांनी फिरणारी जोडणी लागते.

वजन कुठं ठेवलंय?

हा भाग नीट वाचा, कारण इथं जिवाशी गाठ आहे. जोडणीवर पडणारं वजन एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं. ट्रेलर भरून ७५० किलो असेल तर ७५ ते ११० किलो. मी पाण्याची १०० लिटरची टाकी मागच्या टोकाला बसवून घेतली होती. मागच्या भागात जागा होती, एवढंच कारण. टाकी भरली म्हणजे एक्सलच्या मागे १०० किलो, आणि नाक हलकं. चोर्ला घाट गोव्यातल्या साखळी गावाच्या बाजूला उतरताना ट्रेलर डोलायला लागला, आणि एका वळणावर त्यानं जीपचं मागचं अंगच बाजूला ओढलं. मुलं जीपमध्ये होती. तो क्षण अजून विसरलेलो नाही.

असं झालंच तर ब्रेकवर उभे राहू नका. अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. ट्रेलरचा ब्रेक वेगळा लावता येत असेल तर फक्त तोच हळू लावा. आणि मुळात ही वेळच येऊ नये म्हणून निघण्याआधी सगळं सामान आणि पाणी भरून वजनकाट्यावर जा. जोडणीचं वजन घरच्या वजनयंत्रावरही मोजता येतं. यंत्रावर लाकडी ठोकळा उभा करून त्यावर जोडणी टेकवा, ट्रेलर मात्र सपाट उभा हवा. आमची टाकी आता एक्सलच्या बरोबर वर आहे, दोन लोखंडी पट्ट्यांनी चॅसीला आवळलेली.

"अजून एक पट्टी मारतो"

आपल्याकडे मिस्त्री कामात पक्के आहेत, पण ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीची सवय हाताला असते. भेग दिसली की वर पट्टी ठेवायची आणि आडवं वेल्डिंग मारायचं. जोडणीकडे जाणाऱ्या दांड्यावर असं आडवं वेल्डिंग केलं की पुढची भेग नेमकी त्या वेल्डिंगच्या कडेला येते. तापलेलं लोखंड तिथं कमजोर झालेलं असतं आणि हादरे तिथंच पोचतात. भेगेच्या टोकाला आधी ड्रिलनं भोक पाडा, म्हणजे ती पुढं पळत नाही. मग खाच करून वेल्डिंग भरा, आणि वरची पट्टी तिरक्या टोकांची घ्या.

पाट्यांच्या शॅकलमधले (पाटा चॅसीला जोडणारा हलता दुवा) नायलॉनचे बुश धुळीत लवकर झिजतात. पितळी बुश आणि ग्रीस भरता येणारे बोल्ट बसवा. शॉकअप (शॉक अॅब्सॉर्बर) नसतील तर तेही घ्या, लाटा पडलेल्या मुरमाच्या रस्त्यावर पाटे एकटे पुरत नाहीत.

टायर मोठे घेताना मडगार्डमधली मोकळी जागा बघा. बैलहोंगल-सौंदत्तीकडची काळी माती ओली झाली की चाकाला लपेटून मडगार्डमध्ये गच्च बसते आणि चाक अडतं. जीप आणि ट्रेलरची चाकं एकाच मापाची असली की एक स्टेपनी दोघांना चालते. कच्च्या रस्त्यावर हवा थोडी कमी करून वेगही कमी ठेवा. डांबरावर येताच हवा पुन्हा भरा, नाहीतर टायर तापतो. चाक काढलं असेल तर ८०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा.

ओढा पार करण्याआधी १५-२० मिनिटं थांबा. चाकाचा तापलेला हब (बेरिंग असलेला मधला भाग) थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. ग्रीस दुधाळ झालं की बेरिंग संपलंच समजा. प्रवासात गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद हवा, यात सवलत नाही.

घरी आल्यावर ट्रेलर खालूनही धुवा. आपल्या भागातली तांबडी धूळ आणि भेगेतून झिरपलेला गंज एकाच रंगाचे दिसतात. धुऊन दोन दिवसांनी पुन्हा खाली वाका. दांड्यावर किंवा पाट्याच्या बैठकीजवळ तांबडी रेघ तेव्हाही उमटलेली असेल, तर तिथं भेग आहे.