लष्करी परिचारिकांचे निरंतर शिक्षण: गुणवत्ता आणि रुग्णसुरक्षेचे वर्ग घेताना या चुका टाळा

औषधसुरक्षेवर मी घेतलेला एक वर्ग माझ्या कायम लक्षात राहिला आहे. बावीस जणी होत्या. वर्गानंतरच्या चाचणीत जवळजवळ सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण पडले. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ ही पंचसूत्री सगळ्यांना तोंडपाठ होती. तिसऱ्या आठवड्यात त्याच वॉर्डात हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची चुकीची व्हायल (छोटी बाटली) हातात आली. औषध सिरिंजमध्ये ओढण्याआधीच सोबतच्या सिस्टरने ती पाहिली, म्हणून रुग्ण वाचला. चूक होता होता थांबली ती वर्गात सगळ्यांत जास्त उत्तरे देणाऱ्या मुलीच्या हातून.

तेव्हापासून मी हजेरीपट पाहून समाधान मानणे सोडले. या लेखातल्या चुकांपैकी बऱ्याचशा मी स्वतः केल्या आहेत, उरलेल्या जवळून पाहिल्या आहेत.

व्यवस्थेच्या दोषावर वर्गाचा उतारा

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच, म्हणून आधी तिच्याबद्दल. काही बिघडले की वरून पहिला आदेश येतो, "यांचं पुन्हा ट्रेनिंग घ्या." त्या हेपॅरिनच्या प्रसंगानंतरही तो आला. वर्ग पुन्हा घेण्याआधी मी दोन दिवस औषधांच्या ट्रॉलीमागे नुसती उभी राहिले. ५ मिलिलिटरच्या दोन व्हायल एकाच ट्रेमध्ये शेजारी शेजारी होत्या. एकीत ५,००० युनिट, दुसरीत २५,००० युनिट. आकार तोच, आणि झाकणांच्या रंगातला फरक रात्रीच्या उजेडात कळण्यासारखा नव्हता. औषधे काढणाऱ्या सिस्टरला एका फेरीत सात वेळा कुणी ना कुणी हाक मारली: फोन, नातेवाईक, राउंडला आलेले डॉक्टर, सही हवी असलेला कारकून. अशा जागी पंचसूत्री पाठ असूनही हात चुकतो.

उपाय वर्गाबाहेरचा निघाला. जास्त ताकदीची व्हायल वॉर्डातून उचलून फार्मसीत ठेवली, आणि औषधे काढण्याची जागा अशी ठरवली की तिथे उभ्या असलेल्या सिस्टरला आणीबाणीशिवाय कुणी हाक मारायची नाही. अनेक रुग्णालयांनी वॉर्डातून सांद्र पोटॅशियम क्लोराइड (चुकून थेट शिरेत गेले तर हृदय बंद पाडणारे द्रावण) हटवले त्यामागचे कारणही हेच आहे. चूक करायला जागाच ठेवली नाही की कुणाच्या स्मरणशक्तीवर विसंबावे लागत नाही.

लष्करी शुश्रूषेचा इतिहासही हेच सांगतो. आधुनिक शुश्रूषेच्या जनक फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियन युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. परिचारिका आल्या, स्वच्छ कपडे आणि बरे अन्न मिळू लागले, तरी फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण ४२ टक्क्यांवर गेले. मार्चमध्ये सॅनिटरी कमिशनने (स्वच्छतेसाठी नेमलेल्या आयोगाने) गटारे उपसली, पाणी आणि हवा खेळती केली, आणि मग आकडे झपाट्याने उतरले. नाइटिंगेल यांना याचा पुरता उलगडा युद्ध संपल्यावर, आकडेवारी मांडून बसल्यावर झाला. त्यांनी ते मान्य केले आणि उरलेले आयुष्य व्यवस्था बदलण्यासाठी वेचले. त्यांची ही बाजू प्रत्येक नव्या तुकडीला शिकवली पाहिजे असे मला मनापासून वाटते. दिव्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, गटारांची नसते.

म्हणून वर्ग ठरवण्याआधी एक प्रश्न विचारा: ज्यांना हे काम येते तेही इथे चुकतात का? उत्तर हो असेल तर आधी ट्रॉली, लेबल, रोस्टर आणि फॉर्म तपासा.

वर्षाचे वेळापत्रक आधी, वॉर्डाची गरज नंतर

जानेवारीत हातांची स्वच्छता, फेब्रुवारीत बेडसोअर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा), मार्चमध्ये अग्निसुरक्षा. वेळापत्रक छान दिसते, पण वॉर्डात त्या महिन्यात काय घडतेय याच्याशी त्याचा संबंध नसतो. मागच्या तीन महिन्यांचे इन्सिडेंट रिपोर्ट (घडलेल्या आणि थोडक्यात टळलेल्या चुकांच्या नोंदी), संसर्गाचे आकडे आणि रात्रपाळीच्या सिस्टरच्या तक्रारी समोर ठेवा आणि त्यातून विषय काढा. रात्रपाळीला विचारायला विसरू नका. दिवसा सुरळीत वाटणारे बरेच काही रात्री दोन वाजता अडते.

बोलायला शिकवले, ऐकायला कुणालाच नाही

गणवेशातल्या परिचारिकेची अडचण नागरी रुग्णालयातल्या परिचारिकेहून वेगळी आहे. तिच्यासमोर नुसते डॉक्टर नसतात, खांद्यावर जास्त तारे असलेला अधिकारी असतो. हुकूम मानणे तिच्या अंगात मुरलेले असते, आणि ते तसेच असायला हवे. पण रुग्ण ढासळताना दिसत असूनही ती "सर, जरा बघता का?" एवढेच पुटपुटते आणि समोरून "नंतर" असे उत्तर आले की थांबते. या थांबण्यात रुग्ण जातो.

यासाठीची साधने लष्करातूनच आली आहेत. परिस्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज, माझी मागणी या चार पायऱ्यांत निरोप देण्याची 'एसबार' पद्धत मूळची अमेरिकी नौदलाच्या आण्विक पाणबुड्यांतली. संघभावनेने काम शिकवणारा 'टीमस्टेप्स' हा कार्यक्रम अमेरिकेच्या संरक्षण खात्याने तिथल्या आरोग्य संशोधन संस्थेसोबत तयार करून २००६ मध्ये खुला केला. त्यातला एक नियम मला फार मोलाचा वाटतो: शंका एकदा बोलून दुर्लक्ष झाले तर ती दुसऱ्यांदा, स्पष्ट शब्दांत बोलणे हे तुमचे कर्तव्यच आहे. त्यानंतरही ऐकले नाही तर वरच्याला कळवायचे.

चूक होते ती हे फळ्यावर लिहून देण्यात. चार पायऱ्यांची नावे सांगता आली म्हणजे बोलता येते असे नाही. बोलायचा सराव तोंडानेच करावा लागतो, आणि तोही समोरच्याच्या चढ्या आवाजापुढे. आमच्या सरावात एक जण कुरकुरणारा सर्जन होतो. सिस्टर फोनवर सांगते:

"सर, बेड आठ, पोटाचं ऑपरेशन होऊन चार तास झालेत. अर्ध्या तासात प्रेशर १२० वरून ९० वर आलंय, नाडी १२४. ड्रेनमध्ये ताजं रक्त आहे. आतून रक्तस्राव होतोय असं मला वाटतं. तुम्ही आत्ता यायला हवं."

"सलाईन वाढवा, मी नंतर बघतो."

इथे बहुतेकींचा आवाज बसतो. पहिल्या वेळी "हो सर" निघून जाते. मग पुन्हा करायचे: "सर, सलाईन वाढवलीय. पण मला काळजी वाटते, हे सुरक्षित नाही. तुम्ही येताय की मी ड्युटीवरच्या दुसऱ्या सर्जनना बोलावू?" हे वाक्य तिसऱ्या-चौथ्या वेळी सहज निघते. आदर कुठेही सुटत नाही आणि रुग्णही सुटत नाही.

आणि याच वर्गात डॉक्टर हवेत. परिचारिकांना वेगळ्या खोलीत धीट व्हायला शिकवायचे आणि ऐकणाऱ्यांना बोलवायचेच नाही, तर पहिल्या "नंतर बघतो"नेच शिकवलेले पुसले जाते. वरिष्ठ अधिकारी येत नाहीत ही अडचण खरी आहे. आमच्याकडे एक गोष्ट चालली: प्रमुखांना भाषणाला बोलावणे बंद करून सरावात कुरकुरणाऱ्या सर्जनची भूमिका दिली. स्वतःच्याच तोंडचे "नंतर" ऐकल्यावर त्यांना वेगळे काही सांगावे लागले नाही.

शस्त्रक्रियेच्या चेकलिस्टची गतही अशीच होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या १९ मुद्द्यांच्या या यादीचा आठ शहरांतल्या रुग्णालयांतला अभ्यास २००९ मध्ये छापून आला. त्यात मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले होते. हा फरक मोठ्याने बोलून थांबण्यातून येतो. रुग्ण बाहेर गेल्यावर टिक मारून पूर्ण केलेली यादी फक्त ऑडिटच्या कामाची. खूण ओळखायला सोपी आहे: सगळ्या टिक एकाच पेनाच्या, एकाच झटक्यातल्या दिसतात.

स्थिर वॉर्ड शिकवला, हलणारा रुग्ण विसरलो

नागरी रुग्णालयांसाठी बनवलेले धडे जसेच्या तसे उचलले की ही उणीव राहते. लष्करात रुग्ण हातातून हातात जातो: जखमेच्या जागेवरून मदत केंद्रात, तिथून फील्ड हॉस्पिटल, मग विमान, मग मोठे रुग्णालय. प्रत्येक टप्प्यावर काही ना काही गळते.

सगळ्यांत जास्त गळते ती वेळ. टुर्निके (रक्तस्राव थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा) किती वाजता बांधले हे टुर्निकेवर, रुग्णाच्या अंगावर किंवा कार्डावर लिहिलेले नसेल तर पुढचा माणूस अंदाजाने चालतो. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड इजेपासून तीन तासांच्या आत दिले तर रक्तस्रावात जीव वाचवते, उशिरा दिले तर उलट अपाय होऊ शकतो. म्हणजे इजेची वेळ निरोपात नसेल तर पुढच्या सिस्टरला निर्णयच घेता येत नाही. हँडओव्हरचा (रुग्ण पुढच्या हाती सोपवण्याचा) सराव घेताना स्ट्रेचर जमिनीवर ठेवा, मागे इंजिनाचा आवाज लावा, दिवे कमी करा आणि तीस सेकंद द्या. ऐकणारीने निरोप परत म्हणून दाखवायचा. त्यात काय गळले ते वर्गाला लगेच दिसते.

विमानातले धोके तर वॉर्डात कधी दिसतच नाहीत. केबिनमधला दाब ८,००० फुटांइतका असेल तर बंदिस्त हवा जवळपास एक तृतीयांशाने फुगते. श्वासनलिकेतल्या नळीचा कफ, म्हणजे नळीभोवतीचा हवेचा फुगा, जमिनीवर नीट भरलेला असला तरी वर गेल्यावर श्वासनलिकेचे आतले अस्तर दाबतो, आणि उतरताना सैल पडून गळतो. म्हणून चढताना, वर पोहोचल्यावर आणि उतरताना कफचा दाब मोजायचा. तो २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका राहिला पाहिजे. स्टेथोस्कोप तिथे बिनकामाचा, अलार्म ऐकू येत नाहीत, ते डोळ्यांनी पाहावे लागतात. आणि कडक बोर्डवर तासन्‌तास पडलेल्या जवानाच्या टाचा, माकडहाड आणि डोक्याची मागची बाजू पाहायला विसरले की ज्या बेडसोअरचा ठपका पोहोचलेल्या वॉर्डावर येतो, त्याची सुरुवात प्रवासात झालेली असते.

रिपोर्ट वाढले म्हणून घाबरणे

चांगल्या वर्गानंतर इन्सिडेंट रिपोर्ट वाढतात. वाढायलाच हवेत. अशा वेळी कुणी विचारले, "ट्रेनिंगनंतर चुका वाढल्या कशा?" तर पुढच्या महिन्यात रिपोर्ट शून्यावर येतील, चुका मात्र तितक्याच राहतील. थोडक्यात टळलेल्या चुका किती कळवल्या जातात आणि प्रत्यक्ष इजा किती होतात, हे दोन आकडे वेगळे ठेवा. पहिला वाढावा आणि दुसरा घटावा.

लष्करी शिस्तीत चूक म्हणजे चौकशी हे समीकरण पक्के असते, म्हणून नियम आधीच उघड सांगावा लागतो: नजरचुकीने झाले तर आपण जागा आणि पद्धत सुधारू, शॉर्टकटची सवय लागली असेल तर समजावू, जाणूनबुजून धोका पत्करला असेल तर कारवाई होईल. हे प्रमुखांच्या तोंडून यावे, आणि पहिल्याच रिपोर्टला पाळले जावे. एकदा जरी शब्द फिरला तर पुढची दोन वर्षे कुणी लिहीत नाही. रिपोर्ट देणाऱ्या सिस्टरला आठवड्याभरात काय बदलले ते कळवा. उत्तर न मिळणे हेही लिहिणे बंद होण्याचे मोठे कारण आहे.

चुकीचे मोजमाप

चाचणीतले गुण हा वर्गाचा निकाल आहे, वॉर्डाचा नाही. आणि नुसती संख्या फसवते. या महिन्यात तीन रुग्ण पडले, मागच्या महिन्यात चार, म्हणून सुधारणा झाली असे लिहिले जाते. पण मागच्या महिन्यात १,२०० रुग्णदिवस (रोजच्या रुग्णसंख्येची महिन्याची बेरीज) होते आणि या महिन्यात ६००. म्हणजे हजार रुग्णदिवसांमागे प्रमाण ३.३ वरून ५ वर गेले आहे. छेद लिहिल्याशिवाय अंश लिहू नका.

दोन महिन्यांची तुलनाही सोडून द्या. आकडे काळाच्या रेषेवर मांडा, मध्यकाची (ज्याच्या वर आणि खाली निम्मे निम्मे आकडे येतात त्या किमतीची) रेघ ओढा आणि सलग सहा बिंदू एका बाजूला आले की मग बदल झाला म्हणा. हे वहीतही जमते. हात धुण्याचे निरीक्षण करायला इन्चार्ज सिस्टर स्वतः वही घेऊन उभ्या राहिल्या तर सगळे हात धुतातच. म्हणून निरीक्षण वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांकडून घ्या.

एकच मोठा वर्ग

एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले की एकदा पाठ केलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरते, आणि अंतराने उजळणी केली तर टिकते. तरीही निरंतर शिक्षणाचे ठरलेले क्रेडिट तास भरायला आपण सहा तासांचा वर्ग लावतो, तोही रात्रपाळी करून आलेल्यांना. झोपेने मिटणाऱ्या डोळ्यांना रुग्णसुरक्षा शिकवणे हाच रुग्णसुरक्षेचा भंग आहे. त्याऐवजी शिफ्ट बदलताना दहा मिनिटे, क्रॅश कार्टपाशी (आणीबाणीच्या औषध-साधनांच्या गाडीपाशी) उभे राहून एकच काम: डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) चालू करून दाखव, ही मात्रा मोजून दाखव. तेच काम आठवड्याने पुन्हा, महिन्याने पुन्हा.

बदली झाली की सगळे गेले

दर दोन-तीन वर्षांनी माणसे हलतात, आणि बरीच सुधारणा एका उत्साही सिस्टरच्या डोक्यात राहत असल्याने तिच्यासोबत निघून जाते. व्हायल फार्मसीत का हलवली हे कुठे लिहिलेले नसेल तर नवी इन्चार्ज "इथेच ठेवा, सोयीचं पडतं" म्हणून ती परत आणते. आमच्याकडे हे झाले. म्हणून आता प्रत्येक बदलाचे एक पान असते: काय घडले होते, काय बदलले, का बदलले, कोणता आकडा पाहायचा. पदभार देताना चाव्यांसोबत ती फाईल वाचून दाखवायची आणि सही घ्यायची. त्यातले पहिले पान हेपॅरिनचे आहे.