यूएसबी उपकरणं जोडताना या चुका टाळा

हार्ड डिस्क मधेच गायब होते, माउस अडखळतो, प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतो. अशा वेळी बहुतेक जण आधी ड्रायव्हरच्या (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मागे लागतात. खरं तर त्याचा नंबर शेवटी लागायला हवा. आधी केबल बघा, मग पोर्ट, मग वीज. तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर असं सगळं एकदम बदललं, तर चालू कशामुळे झालं ते कळत नाही आणि दुखणं आत तसंच राहतं.

विजेचा हिशेब न करता हब लावणं

यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० या पुढच्या, वेगवान आवृत्तीचा ९००. हब म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब वीज वाढवत नाही, आहे तीच वाटतो. चार पोर्टच्या अशा २.० हबमध्ये नियमाप्रमाणे प्रत्येकाच्या वाट्याला १०० मिलिअँपिअर येतात. कीबोर्ड-माउसला तेवढे पुरतात. अडीच इंची हार्ड डिस्कचं तसं नाही. तिची तबकडी फिरायला लागते त्या क्षणी सर्वांत जास्त करंट लागतो. तो मिळाला नाही की तबकडी फिरते, थांबते, पुन्हा फिरायचा प्रयत्न करते. कान लावला तर टिक-टिक ऐकू येते आणि स्क्रीनवर डिस्क येते-जाते.

लगेच ‘डिस्क गेली’ म्हणू नका. हब बाजूला ठेवून ती छोट्या केबलने थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला लावा. मागचे पोर्ट मदरबोर्डवरच असतात. पुढच्या पोर्टपर्यंत कॅबिनेटमधून वायर आलेली असते आणि ती बरेचदा सुमार दर्जाची किंवा सैल असते. मागे लावूनही टिक-टिक चालूच राहिली, तर मात्र डिस्क लगेच काढा. आतला यांत्रिक भाग बिघडला असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू केल्याने नुकसान वाढतं. हबवरच डिस्क चालवायची असेल, तर अडॅप्टरवाला हब घ्या.

केबल आत बसली म्हणून ती योग्यच समजणं

टाइप-सी हा फक्त प्लगचा आकार आहे, वेगाची हमी नव्हे. मोबाइलसोबत येणाऱ्या बऱ्याच सी-केबल आतून २.० च्याच असतात. त्यांचा वेग ४८० मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम ४० मेगाबाइट. सेकंदाला ४०० मेगाबाइट देणारी एसएसडी (तबकडी नसलेली वेगवान डिस्क) अशा केबलने जोडली, तर दोन मिनिटांत होणाऱ्या ५० जीबीच्या कॉपीला वीस मिनिटांहून जास्त लागतात. मग दोष एसएसडीला! मॉनिटरचंही तसंच. पोर्टमध्ये डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड (टाइप-सी पोर्टमधून चित्र पाठवण्याची सोय) नसेल, तर साधं सी-ते-एचडीएमआय अडॅप्टर कितीही बदला, चित्र येणार नाही. अडॅप्टर घेण्याआधी संगणकाचं मॅन्युअल उघडून बघा.

जुन्या चौकोनी, निळ्या पोर्टची एक गंमत आहे. त्यात बसणाऱ्या प्लगमध्ये २.० च्या चार धातूच्या पट्ट्या पुढे असतात आणि ३.० च्या पाच मागे. प्लग फार सावकाश सरकवला, तर पुढच्या पट्ट्या आधी टेकतात आणि संगणक उपकरणाला २.० समजून मोकळा होतो. वेग अचानक मंदावला असेल, तर प्लग काढून एका दमात पूर्ण आत बसवा.

वायरलेस रिसीव्हर ३.० च्या डिस्कला खेटून लावणं

३.० च्या केबल आणि प्लगमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट होतो. बहुतेक वायरलेस माउस-कीबोर्डही त्याच पट्ट्यात चालतात. डिस्कवर कॉपी चालू असतानाच माउस अडखळत असेल, तर सेल बदलू नका. रिसीव्हर २.० च्या छोट्या एक्स्टेन्शन केबलवर, डिस्कपासून दूर ठेवा.

प्रिंटर रोज नव्या पोर्टला लावणं

काही प्रिंटर पोर्ट बदलला की विंडोजला नवेच वाटतात. यादीत त्याच नावाची ‘कॉपी १’ तयार होते, डीफॉल्ट मात्र जुनीच नोंद राहते आणि तीच ‘ऑफलाइन’ दिसते. जुनी नोंद काढा, नवी डीफॉल्ट करा आणि पोर्ट कायमचा ठरवून टाका. नवा प्रिंटर असेल, तर कंपनीचं सॉफ्टवेअर सांगेल तेव्हाच केबल लावा.

स्क्रीनवरची सूचना न वाचता बटण दाबणं

डिस्क लावताच ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असं आलं आणि आत कामाचा डेटा असेल, तर ‘कॅन्सल’ दाबा. बरेचदा कॉपी चालू असताना डिस्क उपटल्यामुळे फाइल सिस्टिम बिघडलेली असते, फाइली आत शाबूत असतात. डिस्क दिसतच नसेल, तर विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडा. कधी कधी फक्त ड्राइव्हचं अक्षर मिळालेलं नसतं.

उपकरण थोडा वेळ पडून राहिलं की बंद होत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढा. ‘कोड ४३’ (उपकरणाने अडचण कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवल्याची सूचना) आला, तर उपकरण काढून संगणक ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ करून उपयोग होईलच असं नाही, कारण फास्ट स्टार्टअप (संगणक लवकर चालू करण्याची सोय) चालू असेल तर विंडोज ड्रायव्हरची जुनी स्थिती जपून ठेवते आणि चालू होताना तीच परत आणते.