चिकन सूप पाणचट का होतं? या चुका टाळा

कांदा, आलं, मिरी सगळं घातलं, घरभर वास सुटला आणि चमचा तोंडात घातला तर गरम पाण्याची चव. मग मीठ वाढतं, मागोमाग मिरपूड, आणि शेवटी तयार क्यूब. तरीही सूप काही भरत नाही. या टप्प्यावर मसाल्याने फारसं साधत नाही, कारण चूक बहुतेक वेळा पहिल्या पाच मिनिटांतच झालेली असते: पाणी जास्त पडलेलं असतं.

मीही कित्येक दिवस पातेलं जेवढं असेल तेवढं काठोकाठ भरायचे. आता एक किलो हाडांना दीड, फार तर दोन लिटर पाणी घेते. तुकडे दाटीने बसतील असं पातेलं निवडायचं आणि ते बुडून वर बोटभर येईल इतकंच पाणी घालायचं. रुंद पातेल्यात तेवढंच चिकन बुडवायला खूप जास्त पाणी लागतं, म्हणून उभट पातेलं बरं. पाणी आधीच जास्त झालं असेल तर हाडं काढून टाका, सूप गाळा, वरची चरबी काढा आणि झाकण न ठेवता मोठ्या आचेवर आटवा. निम्म्यापर्यंत आटलं तरी बिघडत नाही. फक्त तोवर मीठ घातलेलं नको, नाहीतर पाणी आटतं, मीठ तेवढंच राहतं आणि सूप खारट होतं.

दुसरी चूक खरेदीतली. नुसत्या बोनलेस तुकड्यांचं सूप करायचं आणि त्याला अंग येईल अशी अपेक्षा ठेवायची. सूप ओठांना किंचित चिकटतं, जिभेवर रेंगाळतं, ते जिलेटिनमुळे. जिलेटिन तयार होतं कोलॅजनपासून, आणि कोलॅजन असतं सांधे, कूर्चा आणि कातडीत. म्हणून पंख, मान, पाठीचा सांगाडा आणि कोंबडीचे पाय यांना पर्याय नाही. अशा हाडांचं सूप फ्रिजमध्ये थरथरणाऱ्या जेलीसारखं जमतं. ते खराब झालं असं समजून ओतून देणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. ती जेली म्हणजे काम उत्तम जमल्याची खूण. गरम केली की पुन्हा पातळ होते.

चिकन नळाखाली धुण्याची सवयही सोडलेली बरी. जिवाणू धुऊन जात नाहीत. शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर मात्र पसरतात.

आच

सगळ्यात जास्त सूप इथे बिघडतं. घाईत गॅस मोठा होतो आणि पातेलं खळखळ उकळत राहतं. त्या घुसळणीत चरबीचे बारीक थेंब पाण्यात मिसळतात, सुटलेली प्रथिनं फुटून सगळीकडे फिरतात, आणि सूप गढूळ व तेलकट लागतं. सुरुवात गार पाण्याने करा. पाणी हळूहळू तापलं की विरघळलेली प्रथिनं एकत्र गोळा होऊन फेसासारखी वर येतात. एकदम उकळत्या पाण्यात तुकडे टाकले तर प्रथिनांचे बारीक कण होतात आणि ते पाण्यातच तरंगत राहतात. पहिल्या वीसेक मिनिटांत झाऱ्याने फेस काढत राहा आणि त्यानंतर ढवळू नका. आच इतकी मंद हवी की कडेला अधूनमधून एखादा बुडबुडा यावा, म्हणजे साधारण ८५ ते ९५ अंश सेल्सियस. झाकण थोडं तिरकं ठेवा. नुसत्या हाडांना तीन ते चार तास द्या.

एवढा वेळ नसेल तर प्रेशर कुकर चांगला. त्यातलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे पाऊण ते एक तासात कोलॅजन सुटतं. दाब असतो तोवर आतलं पाणी फारसं खळखळत नाही, म्हणून सूप बऱ्यापैकी नितळ निघतं. पण गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या. दाब एकदम सोडला तर आतलं पाणी उसळून उकळतं आणि नितळपणा गेलाच.

अख्खी कोंबडी घातली असेल तर छातीचा भाग शेवटपर्यंत आत ठेवू नका. पाण्यात असूनही मांस कोरडं होतं, हे अनेकांना पटत नाही. तापमान वाढलं की स्नायूंचे धागे आकसतात आणि आतला रस बाहेर पिळला जातो. छातीत कोलॅजन कमी असल्याने तो कोरडेपणा भरून निघत नाही. साधारण ३५-४० मिनिटांनी सगळ्यात जाड जागी ७४ अंश झाले का पाहा, झाले असतील तर तो भाग बाहेर काढा. मांस सोडवून झाकून ठेवा आणि हाडं पुन्हा पातेल्यात टाका. तंगड्या मात्र जास्त वेळ शिजल्या की उलट मऊ होतात.

भाज्या शेवटच्या तासात घाला. कांदा, गाजर, सेलरी तेवढ्यात आपलं सगळं देतात, पुढे नुसता लगदा होतो. कोबी आणि फ्लॉवर टाळाच, जास्त शिजले की गंधकासारखा वास येतो. कोवळी पानं आच बंद करताना.

शेवटी चव जमत नसेल तर

अख्ख्या पातेल्यात हात घालण्याआधी वाटीभर सूप बाजूला काढा आणि त्यात चिमूटभर मीठ घालून चाखा. एकदम चव उघडली तर मीठच कमी होतं. खारट झालं पण चव आली नाही तर सूप पातळ आहे, आटवायला हवं. चव आहे पण जड, मंद वाटते, तर लिंबाचे दोन-चार थेंब पिळा. लिंबू उकळत्या सूपमध्ये नको, वाढताना घाला. या एका वाटीने माझी किती सूपं वाचली असतील!

खारट सूपमध्ये बटाटा टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. बटाटा खारट पाणी शोषतो, नेमकं मीठ नाही, त्यामुळे उरलेलं सूप तेवढंच खारट राहतं. पाणी किंवा बिनमिठाचा स्टॉक घालणं हाच उपाय. गढूळ सूप ओल्या मलमलच्या कापडातून हाडं न दाबता, सावकाश गाळा. तेलाचा तवंग जास्त असेल तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी चरबीची चकतीच उचलता येते. सगळी चरबी मात्र काढू नका, बराचसा सुगंध तिच्यातच असतो. नूडल्स किंवा भात वेगळा शिजवा, नाहीतर उरलेलं सूप तेच पिऊन टाकतात.

राहिलं साठवणीचं. सूपाचं मोठं पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी उकळी काढली की झालं, हा समज धोक्याचा आहे. काही जिवाणूंचे बीजाणू उकळीतूनही वाचतात आणि कोमट सूपात झपाट्याने वाढतात. मोठं पातेलं आतून तासन् तास कोमट राहतं. म्हणून गाळल्याबरोबर उथळ भांड्यांत वाटून घ्या, भांडी बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या. तिथे तीन-चार दिवस टिकतं. त्यापुढे ठेवायचं असेल तर छोट्या डब्यांत फ्रीजरमध्ये, दोन-तीन महिने चव चांगली राहते. गोठताना सूप फुगतं, तेव्हा डब्यात वर बोटभर जागा मोकळी सोडा.