भजनाच्या ध्वनिमुद्रिकेच्या तालिका-नोंदीत वाद्ये व आवाज कसे नोंदवावेत

सिंधुदुर्ग-रत्नागिरीतील ग्रंथालयांत भजनाच्या ध्वनिमुद्रिका येतात, परंतु त्यांच्या नोंदीत पुष्कळदा केवळ बुवांचे नाव आढळते आणि पखवाजाचा शोध घेणारा अभ्यासक रिकाम्या हाताने परततो. मार्क २१ या संगणकीय तालिका-नोंदीच्या पद्धतीत वाद्ये व आवाज यांसाठी ३८२ हे स्वतंत्र क्षेत्र आहे. ते अवश्य भरावे.

प्रथम ध्वनिमुद्रण ऐकून कोण काय वाजवतो हे लिहून काढावे, कारण वेष्टनावरील माहिती पुष्कळदा अपुरी असते. समजा, बुवा स्वतः पेटी वाजवत गातात, सोबत एक पखवाज, एक तबला, एक झांज आणि मागे कोरस आहे. कोरसच्या पुढे उठून दिसणारा बुवांचा आवाज ‘बी’ या उपक्षेत्रात (क्षेत्राच्या अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या भागात) एकल म्हणून, त्यांचीच पेटी ‘डी’मध्ये, इतर वाद्ये ‘ए’मध्ये आणि प्रत्येकाची संख्या ‘एन’मध्ये द्यावी. कोरस हा समूह असल्याने त्याची संख्या मात्र ‘ई’मध्ये जाते. एकूण व्यक्ती मोजताना पेटीसाठी वेगळा माणूस धरू नये: ‘आर’मध्ये ४, ‘टी’मध्ये १ समूह. सर्वांत जास्त गफलत इथेच होते, म्हणून ही बेरीज पुन्हा तपासावी.

वाद्यांची नावे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वाद्य-आवाज संज्ञाकोशातून जशीच्या तशी घ्यावीत व ‘२’ या उपक्षेत्रात त्या कोशाचा संकेत द्यावा. स्थानिक नाव कोशात नसल्यास व्यापक संज्ञा वापरून मूळ नाव ५०० क्षेत्रातील टीपेत जपावे. ते गाळणे मला अक्षम्य वाटते.