डीएम गॅस्ट्रोची सीट भरताना

नीट-एसएसचा, म्हणजे सुपरस्पेशालिटीच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की डीएम गॅस्ट्रोची (पोट, आतडी आणि लिव्हरची सुपरस्पेशालिटी) सीट कुठं घ्यावी हे विचारायला माझे ज्युनियर फोन करायला लागतात. "सर, मुंबईतलं म्युनिसिपल हॉस्पिटल घेऊ की बाहेरचं कॉर्पोरेट?" मी सांगलीत प्रॅक्टिस करतो, तिथल्या वॉर्डात आज काय चाललंय ते मला इथून काय दिसणार? म्हणून नाव सुचवत नाही, माहिती कशी काढायची तेवढं सांगतो.

ज्यांची परीक्षा अजून व्हायचीय त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. एमडी मेडिसिननंतर डीएम किंवा डीआरएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची सुपरस्पेशालिटी पदवी), दोन्ही तीन वर्षांचे आणि दोन्हींना नीट-एसएस. १५० प्रश्न, ६०० गुण, चुकलं की एक वजा. एम्स, चंदीगडचं पीजीआय आणि जिपमरसाठी आयएनआय-एसएस वेगळी. नीट-एसएसचा पेपर अख्ख्या मेडिसिनवर असतो, तेव्हा लिव्हरचे जाडजूड ग्रंथ आत्ताच विकत घेऊ नका.

आता सीट. एचओडींना भेटून फारसं काही कळत नाही, चहा मिळतो. तिथला सेकंड इयरचा रेसिडेंट गाठा आणि विचारा: रात्री रक्ताची उलटी झालेला पेशंट आला तर स्कोप (एंडोस्कोपीची दुर्बीण) कोणाच्या हातात असतो? सिरोसिसच्या (लिव्हर कायमचं खराब झालेल्या) ब्लीडरचं बँडिंग, म्हणजे अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना स्कोपमधून रबर बँड लावणं, १२ तासांच्या आत व्हायला हवं, म्हणजे ते बऱ्याचदा अडनिड्या वेळीच होतं. टर्लिप्रेसिन (रक्तस्राव कमी करणारं औषध) आणि अँटिबायोटिक लगेच सुरू करायचं, पण हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्याशिवाय रक्त चढवायची घाई नको, कारण जास्त रक्तानं पोर्टल प्रेशर (लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेतला दाब) वाढून पुन्हा ब्लीडिंग होऊ शकतं. नातेवाईक "रक्त कधी लावणार?" म्हणून मागे लागलेले असताना हे पाळणं सीनियर पाठीशी उभा असेल तरच जमतं. तो रात्री येतो का, हेही विचारून घ्या.

दुसरा प्रश्न ईआरसीपीचा, म्हणजे तोंडावाटे स्कोप घालून पित्तनळीत करायच्या प्रोसिजरचा. वेबसाइटवरचा आकडा डिपार्टमेंटचा असतो. थर्ड इयरचा पोरगा स्वतः पित्तनळीत शिरतो का, ते विचारा. या स्कोपचा कॅमेरा बाजूला बघतो, समोरचं दिसत नाही. त्यात पँक्रियाटायटिसची (स्वादुपिंडाला सूज येण्याची) भीती. कन्सल्टंट सहजासहजी स्कोप सोडत नाहीत, ते बरोबरच आहे. पण शेवटच्या सहा महिन्यांतही कोणाला मिळत नसेल, तर पुढं फेलोशिपचं एखादं वर्ष धरून चाला.

कॉर्पोरेटमध्ये ट्रान्सप्लांट आणि एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड भरपूर बघायला मिळतं. तरी माझा कल म्युनिसिपलकडे, आणि त्याचं कारण तिथली फॉलोअपची ओपीडी. आयलिओसीकल (लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथला) अल्सर टीबीचा की क्रोन्सचा (आतड्याच्या जुनाट दाहाचा आजार), हे बायोप्सीवरही पुष्कळदा ठरत नाही. एकेटी (टीबीची औषधं) सुरू करून दोन-तीन महिन्यांनी परत कोलोनोस्कोपी करायची, अल्सर भरतोय का बघायचा. तो पेशंट तुमच्याच ओपीडीत परत आला तरच तुम्ही काही शिकलात. बाकी पावसाळ्यातली हिपॅटायटिस ई आणि रॅटोल (उंदरांचं विष) खाऊन आलेली कोवळी पोरं तिथं चुकणार नाहीत.

फक्त लिव्हरच करायचं असेल तर दिल्लीच्या आयएलबीएस या लिव्हरच्या संस्थेसारख्या ठिकाणी डीएम हेपॅटॉलॉजी आहे. पण पुढं जिल्ह्याच्या गावी बसायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नका. इथं ओपीडीत निम्मे लोक ॲसिडिटी आणि बद्धकोष्ठ घेऊन येतात.

जॉइन झाल्यावर एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. काविळीच्या पेशंटला "दुसरं काही औषध घेता का?" असं विचारलं तर उत्तर "नाही"च येतं. "काढा कुठला घेतला? गुळवेल? कावीळ उतरवायला कुठं गेला होतात?" असं नाव घेऊन विचारा. गुळवेलीनंतर लिव्हर बिघडलेल्या पेशंटांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापली आहे.

आणि सीट लॉक करण्याआधी बॉन्डचा कागद पूर्ण वाचा: सेवा किती वर्षांची, मधेच सोडली तर दंड किती, स्टायपेंड वेळेवर होतो का (हे शेवटचं कागदावर नसतं, रेसिडेंटलाच विचारा). मूळ कागदपत्रं एकदा जमा झाली की लवकर हाती लागत नाहीत. झेरॉक्सचे दोन संच आणि स्कॅन आधीच करून ठेवा.