आपत्तीनंतर साथ रोखताना या चुका टाळा

पूर किंवा भूकंपानंतर मदतीचा ओघ सुरू होतो तेव्हा सगळ्यांचं लक्ष ढिगाऱ्याकडे असतं. साथ मात्र छावणीत सुरू होते, पिण्याचं पाणी आणि मैला एकत्र आले की.

पहिली चूक मृतदेहांच्या भीतीतून होते. 'रोगराई पसरेल' म्हणून ओळख न पटवताच सामूहिक दफन उरकलं जातं. पण ही माणसं जखमांनी किंवा बुडून गेलेली असतात. त्यांच्यापासून साथ पसरत नाही. कॉलरा किंवा इबोलाने दगावलेल्यांची काळजी वेगळी घ्यावी लागते, तेवढंच. घाईमुळे घरच्यांना ना शेवटचं दर्शन मिळत, ना मृत्यूचा दाखला. आधी फोटो, अंगावरच्या खुणा आणि क्रमांक नोंदवा. यंत्रं आणि माणसं शौचालयांचे खड्डे खणायला लावा. सुरुवातीला निदान ५० माणसांमागे एक आणि लवकरात लवकर २० माणसांमागे एक शौचालय हवं.

'क्लोरीन टाकतोय, तरी जुलाब थांबत नाहीत' ही तक्रार हमखास येते. तेव्हा आधी पाणी गढूळ आहे का ते बघा. गाळ क्लोरीन खाऊन टाकतो, म्हणून पाणी निवळू द्या, गाळा आणि मगच क्लोरीन घाला. त्यानंतर किमान अर्धा तास थांबलात का? टँकर आला की लगेच वाटप करायचा मोह होतो, कारण रांग समोर उभी असते. तिसरी गोष्ट सर्वांत जास्त निसटते: तपासणी टाकीपाशी होते, माणूस पितो तो घरातल्या भांड्यातून. नळाला ठीक असलेलं पाणी उघड्या बादलीत हात बुडवून पुन्हा दूषित होतं. म्हणून घरातल्या पाण्यात क्लोरीन तपासा, लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम उरलेलं असावं. झाकणाची, तोटीची भांडी वाटा. शिवाय माणशी दिवसाला १५ लिटर पाणी मिळत नसेल, तर हात धुण्याचे फलक लावून काय साधणार?

मदतीला आलेल्यांच्या मैल्याचं काय, हे कुणी विचारत नाही. कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशात जानेवारी २०१० मध्ये भूकंप झाला आणि ऑक्टोबरमध्ये कॉलरा आला, तोही भूकंपग्रस्त राजधानीच्या छावण्यांत नव्हे, आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यात. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या एका तळावरचा मैला नदीला मिळणाऱ्या ओढ्यात गेला होता. ८ लाखांहून अधिक लोक आजारी पडले, जवळपास १० हजार दगावले. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी माफी मागितली ती २०१६ च्या डिसेंबरात. इतकी माणसं टाळता येण्यासारख्या कारणाने गेली, हे वाचताना आजही संताप येतो. पथकाचा तळ ठरवताना पाण्याचा प्रवाह कुठून कुठे जातो, हे आधी पाहा.

जुलाब झालेल्याचं पाणी आणि जेवण तोडू नका. ओआरएस लगेच सुरू करा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ वाढवू नका. चमचा चहाचा, म्हणजे ५ मिलिलिटरचा. रुग्ण गळून गेला असेल, पिऊ शकत नसेल, तर शिरेतून सलाइन लागतं. त्याला तातडीने हलवा.

दुधाच्या पावडरचे डबे सरसकट वाटणं टाळाच. इंडोनेशियातल्या २००६ च्या योग्यकार्ता भूकंपानंतर देणगीची पावडर मिळालेल्या लहान बाळांमध्ये जुलाबाचं प्रमाण इतर बाळांच्या दुपटीहून जास्त आढळलं. आईला जेवण, पाणी आणि स्तनपानासाठी आडोसा द्या. बाळाला वरच्या दुधाशिवाय पर्याय नसेल, तिथे पावडरसोबत स्वच्छ पाणी, इंधन आणि कुणाची तरी देखरेखही द्या.

औषधांचंही तसंच. जुनी, मुदत संपत आलेली, भलत्या भाषेतल्या लेबलांची खोकी लावत बसण्यात फार्मासिस्टचा दिवस जातो. स्थानिक आरोग्य यंत्रणेकडून यादी मागवा आणि तेवढंच पाठवा.

शेवटची चूक म्हणजे प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहणं. भाताच्या पेजेसारखे जुलाब होऊन एखादा मोठा माणूस काही तासांत कोरडा पडला, तर कॉलरा समजूनच उपचार सुरू करा. नमुना घ्या, त्याच दिवशी आरोग्य विभागाला कळवा आणि तो कुठलं पाणी प्यायला ते शोधायला माणूस पाठवा.